पुरलेली प्रेते उकरून दुसरीकडे नेली, तरी सापडतात कशी?

आपण विचारले आहे की, युद्धात हजारो नि:शस्त्र माणसे मारली जातात तेव्हा तो प्रदेश, सैन्य, पोलीस, कागदपत्रे आणि साक्षीदार असे सगळेच मारणाऱ्यांच्या ताब्यात असते. मग अशी हत्याकांडे नेमकी लपवली कशी जातात, पुढे उघडकीस कशी येतात, सगळी प्रेते जाळून विषय संपवला का जात नाही, आणि वीस-पंचवीस वर्षांनी चार हाडे हाती आली तर नातेवाइकांना त्यातून मिळते तरी काय. प्रश्न चार आहेत, पण त्यांच्या मुळाशी एकच अडचण आहे असे मला वाटते. सगळेच गुन्हेगाराच्या हाती असताना त्याच्याविरुद्धचा पुरावा येतो कोठून? उत्तर देताना मी याच अडचणीवर लक्ष ठेवणार आहे.

आधी माझी बाजू सांगते. मी न्यायवैद्यकशास्त्राची डॉक्टर आहे. महाराष्ट्रातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत सत्तावीस वर्षे शवविच्छेदन आणि अध्यापन केले आणि या काळात तहसीलदारांच्या उपस्थितीत पुरलेली प्रेते उकरून तपासण्याची कामे बऱ्याच वेळा वाट्याला आली. युद्धातील सामूहिक कबरींवर मी स्वतः काम केलेले नाही. मात्र विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी बोस्नियातील स्रेब्रेनित्सा येथील हत्याकांडाचे निकालपत्र आणि तज्ज्ञांच्या साक्षी मी वर्षानुवर्षे वाचत आले आहे. माझ्या ओळखीचे साधे शेतातले प्रकरण आणि तिथले हजारोंचे प्रकरण यांत मातीचे नियम तेच आहेत, हे मला त्या वाचनात पुन:पुन्हा जाणवले. म्हणून उत्तराचा बराचसा भाग मी स्रेब्रेनित्सावरच उभा करते.

सुरुवात मात्र माझ्या एका प्रकरणापासून करते. एक माणूस बेपत्ता होता आणि ओढ्याकाठी अमुक ठिकाणी त्याला पुरल्याची माहिती मिळाली. तेथे खणले तेव्हा खड्डा रिकामा निघाला. पहिल्या पाहणीत ‘काहीही आढळून आले नाही’ असे लिहून काम बंद झाले. पुढे ते प्रकरण आमच्याकडे आले तेव्हा आम्ही त्याच जागी पुन्हा गेलो आणि माती चाळणीने चाळून घेतली. त्यात हाताच्या आणि पायाच्या बोटांची मिळून अकरा लहान हाडे आणि एक दात सापडला. कुजू लागलेले प्रेत उचलून दुसरीकडे नेताना बोटांची हाडे, दात, गुडघ्याची वाटी असे लहान अवयव गळून मागे राहतात आणि अंधारात घाईने काम करणाऱ्याला ते दिसतही नाहीत. त्या अकरा हाडांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, येथे माणूस पुरलेला होता. आणि दोन, त्याला नंतर कोणीतरी जाणूनबुजून हलवले. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा अधिक महत्त्वाची होती, कारण निष्पाप माणूस पुरलेले प्रेत रात्री उकरून दुसऱ्याच्या शेतात नेत नाही. मृतदेह पुढे तीन शेते पलीकडे सापडला.

जमिनीबद्दलही थोडे सांगायला हवे. आपल्याकडे वर काळी माती आणि खाली पांढरट मुरूम असतो. खड्डा खणून पुन्हा भरला की हे दोन थर कालवले जातात आणि ते पुन्हा कधीही आपोआप वेगळे होत नाहीत. वर्षांनंतरही खड्ड्याची कड नीट खरवडली तर सुरीने कापल्यासारखी दिसते. वर उगवणारे गवतही आजूबाजूच्या गवतापेक्षा निराळे असते, कधी अधिक जोमदार, कधी खुरटे. खणणाऱ्याने वरून कितीही सपाट केले तरी हा फरक मिटत नाही.

आता स्रेब्रेनित्सा. पूर्व बोस्नियातील हे गाव संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेने एप्रिल 1993 मध्ये ‘सुरक्षित क्षेत्र’ म्हणून जाहीर केले होते. 11 जुलै 1995 रोजी ते राटको म्लादिच यांच्या नेतृत्वाखालील बोस्नियन सर्ब सैन्याच्या हाती पडले. पुढच्या काही दिवसांत आठ हजारांहून अधिक बोस्नियन मुस्लीम पुरुष आणि मुलगे मारले गेले. क्राव्हित्सा येथील कोठारात, ओराहोव्हात्सजवळच्या शेतात, पेटकोव्हत्सीच्या धरणाजवळ, कोझ्लुक येथे नदीकाठी, ब्रान्येव्हो येथील लष्करी शेतावर आणि पिलित्साच्या सांस्कृतिक भवनात, अशी अनेक ठिकाणी ही कत्तल झाली. प्रेते बहुतेक वेळा मारल्याच्या जागीच किंवा जवळच यंत्रांनी खणलेल्या चरांत ढकलली गेली.

लपवण्याची पहिली पायरी शब्दांची असते, आणि ती प्रेत जमिनीत जाण्याआधीच सुरू होते. चोरून ऐकल्या गेलेल्या एका संभाषणात एक अधिकारी वरिष्ठाला सांगतो की, अजून साडेतीन हजार ‘पार्सले’ वाटायची आहेत आणि मला त्यावर उपाय सापडत नाही. ही पार्सले म्हणजे जिवंत कैदी होते. अशी भाषा फक्त बाहेरच्यांना फसवण्यासाठी वापरली जाते असे मला वाटत नाही. आदेश देणारा आणि ऐकणारा दोघांनाही स्वतःच्या कृत्याकडे सरळ पाहावे लागू नये, हेही काम ती करते. दुसरी पायरी प्रवेशबंदीची. त्या भागात रेड क्रॉसला किंवा पत्रकारांना मोकळेपणाने जाऊ दिले गेले नाही. तिसरी पायरी पर्यायी गोष्ट तयार ठेवण्याची: ही माणसे लढताना मेली, किंवा जंगलातून, बोस्नियन सरकारच्या ताब्यातील तुझला शहराच्या दिशेने पळताना मारली गेली. ही गोष्ट धोकादायक असते, कारण ती अंशतः खरी होती. हजारोंचा एक जथा खरोखरच जंगलातून निघाला होता आणि त्यातील काही जण वाटेत मारले गेलेही होते. अर्धसत्याला खोटे ठरवणे हे निखळ असत्याला खोटे ठरवण्यापेक्षा नेहमीच अवघड जाते.

तरीही काही बाहेर आले. ओराहोव्हात्स, पेटकोव्हत्सी, ब्रान्येव्हो येथे प्रेतांच्या ढिगाखालून निसटलेले मोजके लोक वाचले होते. 10 ऑगस्ट 1995 रोजी अमेरिकेच्या राजदूत मॅडलिन ऑलब्राइट यांनी सुरक्षा परिषदेच्या बंद बैठकीत नोव्हा कसाबा परिसराची आकाशातून घेतलेली छायाचित्रे दाखवली. त्यात आधी नसलेली, नव्याने खणलेली जमीन दिसत होती. काही दिवसांतच अमेरिकन पत्रकार डेव्हिड रोड तेथे पोहोचले आणि मातीबाहेर आलेला मानवी पाय त्यांनी पाहिला. म्हणजे मारणाऱ्यांना कळून चुकले होते की जागा माहीत झाल्या आहेत. याच सुमारास शांतता वाटाघाटींची चिन्हे दिसत होती आणि वाटाघाटी झाल्या की परकी माणसे आणि तपास अधिकारी येणार, हेही स्पष्ट होते. नोव्हेंबर 1995 मध्ये डेटन येथे करार झालाच.

त्या आधीच, सप्टेंबर आणि ऑक्टोबर 1995 मध्ये, आपल्या प्रश्नाच्या केंद्रस्थानी असलेली गोष्ट घडली. सैन्याने रात्री पोकलेन आणि लोडर लावून मूळ कबरी उघडल्या, कुजलेली प्रेते बकेटने उचलली, मालमोटारींत भरली आणि दूरच्या दुर्गम खोऱ्यांत नेऊन लहान लहान नव्या कबरींमध्ये टाकली. ओराहोव्हात्सची प्रेते होजिची रस्त्यालगत गेली, पेटकोव्हत्सीच्या धरणाजवळची लिप्ल्ये येथे, ब्रान्येव्हो आणि कोझ्लुकची चान्चारी रस्त्यालगत, आणि ग्लोगोव्हाची, म्हणजे जेथे क्राव्हित्साच्या कोठारातली प्रेते पुरली होती तेथली, झेलेनी यादार परिसरात. या मोहिमेला त्यांच्या लष्करी भाषेत ‘असानात्सिया’ म्हणत. आपल्याकडे युद्धभूमीच्या साफसफाईला जो शब्द वापरावा, तसा हा शब्द.

यंत्राच्या बकेटने उचललेले प्रेत अखंड राहत नाही. एकाच माणसाचे धड एका कबरीत, पाय दुसरीत आणि कवटी तिसरीत अशी अवस्था झाली. नातेवाइकांसाठी या मोहिमेचा सर्वांत क्रूर परिणाम हाच ठरला. तपासासाठी मात्र हीच मोहीम पुराव्याचे भांडार बनली. याचे कारण नीट समजून घ्यायला हवे.

प्रेत हलवायला डिझेल लागते. सैन्यात डिझेल कोणालाही सहज मिळत नाही. ते मागावे लागते, मंजूर करावे लागते, आणि मंजुरीचा कागद उरतो. 14 सप्टेंबर 1995 चा, बोस्नियन सर्ब सैन्याच्या मुख्य सेनाकार्यालयाचा एक आदेश या गुन्ह्यांसाठी हेग येथे नेमलेल्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणापुढे आला. ‘अभियांत्रिकी कामासाठी’ पाच टन इंधन त्याच सैन्याच्या झ्वोर्निक ब्रिगेडचे कॅप्टन मिलोराद तर्बिच यांच्याकडे सोपवण्याचा तो आदेश होता. त्याआधी, 16 जुलैला, कत्तल चालू असतानाच, एका अधिकाऱ्यासाठी पाचशे लिटर डिझेल तातडीने पाठवा, नाहीतर तो करत असलेले काम थांबेल, असा निरोप बिनतारी संभाषणात पकडला गेला होता. विरुद्ध बाजूच्या, म्हणजे बोस्नियन सरकारच्या सैन्याचे ऐकणारे लोक ही संभाषणे वह्यांत हाताने लिहून घेत. पुढे न्यायालयाने त्या वह्यांची कसून तपासणी करून त्या विश्वासार्ह मानल्या. 1998 मध्ये तपास अधिकाऱ्यांनी झ्वोर्निक ब्रिगेडच्या मुख्यालयाची झडती घेतली तेव्हा वाहनांच्या नोंदवह्या हाती लागल्या. त्यांत 17 जुलैला खोदयंत्र ‘ब्रान्येव्होत चर खणणे’ या कामावर असल्याची नोंद होती. लिहिणाऱ्या कारकुनाने ही नोंद मुद्दाम ठेवली असे समजू नये. यंत्र कोठे गेले, किती वेळ चालले, किती इंधन जाळले हे लिहिण्याची त्याची रोजची सवय होती, आणि सवय थांबवायला कोणी सांगितले नव्हते.

याहून बोलकी एक गोष्ट त्याच ब्रिगेडच्या लष्करी पोलिसांच्या हजेरीपटावर सापडली. जुलै महिन्याच्या त्या दिवसांत काही नावांपुढे ओराहोव्हात्ससाठी ‘ओ’ हे अक्षर होते. ते खोडून त्याजागी ‘मैदानी कामावर’ या अर्थाचे ‘टी’ लिहिलेले होते. ‘ओ’ तसेच राहिले असते तर त्यावर वाद घालता आला असता. माणसे तेथे रखवालीला होती, वाहतुकीच्या कामावर होती, असे काहीही सांगता आले असते. खोडलेल्या ‘ओ’वर कोणते स्पष्टीकरण द्यायचे? शवविच्छेदन अहवालात, पंचनाम्यात किंवा रुग्णालयाच्या नोंदवहीत खाडाखोड दिसली की मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते: मूळ काय होते हे शोधण्याच्या आधी, ते कोणाला नकोसे होते हे विचारा.

जमिनीनेही आपले काम केले. ब्रान्येव्हो येथील गोळीबारात भाग घेतलेला ड्राझेन एर्देमोविच नावाचा तरुण सैनिक 1996 मध्ये स्वतःहून बोलला आणि मार्च महिन्यात हेगच्या न्यायाधिकरणाच्या ताब्यात आला. 16 जुलैला त्या शेतावर सुमारे बाराशे माणसे मारली गेली, असे त्याने सांगितले. त्याच वर्षी ती कबर उकरली तेव्हा त्याच्या सुमारे एक दशांश एवढेच अवशेष सापडले. एखाद्या घाईच्या तपासात येथेच निष्कर्ष निघाला असता की साक्षीदार अतिशयोक्ती करतो. तपास प्रमुख ज्यां-रेने रुएज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तसे मानले नाही. कबरीच्या तळाशी आणि कडेला उरलेले अवयव, मातीवर उमटलेले बकेटच्या दातांचे आणि चाकांचे ठसे, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमधील आकाशचित्रांत दिसलेली पुन्हा विस्कटलेली जमीन यांचा एकत्रित अर्थ एकच होता: येथून उचलून नेले आहे. माझ्या ओढ्याकाठच्या रिकाम्या खड्ड्याची मला आठवण का झाली, हे आता आपल्या लक्षात येईल. एर्देमोविचने आणखी एक गोष्ट सांगितली होती, जी तपास अधिकाऱ्यांना तोवर माहीतच नव्हती; पिलित्साच्या सांस्कृतिक भवनात सुमारे पाचशे माणसे मारली गेल्याची. त्या इमारतीत जाऊन पाहिले तेव्हा भिंतींवर रक्त, ऊतींचे अंश आणि स्फोटकांचे अवशेष मिळाले.

दुय्यम कबरी, म्हणजे प्रेते हलवून जेथे पुन्हा पुरली त्या जागा, 1998 पासून उघडल्या जाऊ लागल्या. ऑस्ट्रेलियन पुरातत्त्वज्ञ रिचर्ड राइट यांच्यासारख्या तज्ज्ञांच्या देखरेखीखाली हे काम झाले. येथे प्रश्न असा होता की, दुर्गम खोऱ्यातली ही प्रेते अमुक एका हत्यास्थळाची आहेत हे सिद्ध कसे करायचे. त्याचे उत्तर प्रेतांबरोबर नकळत वाहून आलेल्या वस्तूंनी दिले. कोझ्लुकच्या मूळ कबरीजागी जवळच्या बाटल्यांच्या कारखान्याचा फुटक्या हिरव्या काचांचा कचरा टाकलेला होता. त्याच काचा चान्चारी रस्त्यालगतच्या एका कबरीत निघाल्या. क्राव्हित्साच्या कोठाराच्या भिंतींचे आणि दाराच्या चौकटीचे तुकडे ग्लोगोव्हा आणि झेलेनी यादार येथील कबरींत सापडले, कारण लोडरने प्रेतांबरोबर इमारतीचा काही भागही उचलला होता. काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या एकमेकींशी जुळल्या. परागकण आणि मातीचे खनिज जुळले. ओराहोव्हात्सजवळ कैद्यांना ज्या शाळेत ठेवले होते तेथील कापडाच्या पट्ट्या कबरींतल्या डोळ्यांवरच्या पट्ट्यांशी जुळल्या.

‘लढताना मेले’ या गोष्टीचे उत्तरही त्या पट्ट्यांनीच दिले. 1996 ते 2000 या काळात न्यायाधिकरणाने उकरलेल्या 21 कबरींतून डोळ्यांवर बांधलेल्या 448 पट्ट्या आणि हात बांधलेले 423 बंध मिळाले. डोळे आणि हात बांधलेला माणूस लढत नसतो. काही मनगटांवर स्वयंचलित घड्याळे होती. हालचाल थांबली की ही घड्याळे साधारण दीड-दोन दिवसांत थांबतात आणि तारखेचा आकडा घड्याळ थांबल्याच्या दिवसावर उभा राहतो. त्या तारखा कत्तलीच्या दिवसांशी जुळणाऱ्या होत्या.

आतापर्यंतचे थोडक्यात सांगायचे तर असे: एका माणसाला लपवणे हे एका माणसाचे काम असू शकते, पण आठ हजारांना लपवणे हे प्रशासनाचे काम असते. त्याला यंत्रे, चालक, इंधन, परवानग्या, रखवालदार आणि दिवस लागतात. लपवण्याची प्रत्येक कृती मूळ गुन्ह्याचा एखादा पुरावा मिटवते आणि स्वतःचा एक नवा पुरावा निर्माण करते. तो नवा पुरावा हेतूबद्दल बोलतो, जे मूळ प्रेतांना बोलता येत नाही.

आता जाळण्याचा प्रश्न. तो विचारताना आपल्या मनात आग म्हणजे सर्वनाश असे असावे. आपल्याकडे ज्याने तिसऱ्या दिवशी राख सावडली आहे त्याला माहीत असते की एवढ्या लाकडांनंतरही हाडे उरतातच. म्हणून तर आपण अस्थी वेचतो. एका चितेला तीन-चारशे किलो लाकूड लागते. हजारोंचा हिशेब आपणच करून पाहावा. नाझींनी हे करून पाहिले होते. 1942 पासून ‘आक्त्सिओन 1005’ या गुप्त मोहिमेत पाउल ब्लोबेल यांच्या देखरेखीखाली पूर्व युरोपातील सामूहिक कबरी उघडून प्रेते जाळली गेली आणि हाडे भरडली गेली. कीव्हजवळच्या बाबी यार येथे सप्टेंबर 1941 च्या अखेरीस दोन दिवसांत 33,771 ज्यूंना मारल्याची नोंद मारणाऱ्यांनीच अहवालात केली होती. 1943 मध्ये तेथील प्रेते कैद्यांकडून उकरून जाळवली गेली. काम संपल्यावर त्या कैद्यांनाही मारायचे ठरलेले होते. 29 सप्टेंबर 1943 च्या रात्री त्यांनी पळून जाण्याचा प्रयत्न केला आणि त्यांतील डझनभराहून अधिक वाचले, त्यांनी साक्ष दिली. म्हणजे जाळण्यालाही मजूर लागतात, आणि मजूर म्हणजे साक्षीदार.

येथे मला एका धोक्याकडे लक्ष वेधायचे आहे. वरची सगळी मांडणी वाचून ‘सत्य शेवटी बाहेर येतेच’ असे कोणी म्हणेल, तर माझी त्याला सहमती नाही. आपण उघडकीस आलेल्या प्रकरणांवरूनच निष्कर्ष काढतो. जी उघडकीस आलीच नाहीत ती आपल्या मोजणीत नसतात. स्रेब्रेनित्साच्या बाबतीत अनेक गोष्टी एकत्र जुळून आल्या. युद्ध चार-पाच महिन्यांत संपले. युगोस्लाव्हियासाठीचे आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरण सुरक्षा परिषदेने 1993 मध्येच स्थापन केले होते, त्यामुळे तपासाला अधिकार होता. आकाशातून छायाचित्रे घेणारी यंत्रणा होती. आणि थंड प्रदेशातील चिकण, ओलसर मातीत प्रेते बरीच टिकून होती. आपल्याकडच्या उष्ण हवेत, मुरमाड जमिनीत, उघड्यावर कोल्ह्याकुत्र्यांच्या तावडीत सापडलेल्या प्रेताची गत फार वेगळी होते. जमिनीवर अजूनही तेच सरकार असेल तर खणायलाच मिळत नाही. म्हणून ‘किती वर्षांनी उघड होईल’ या प्रश्नाला माझ्याकडे एकच आकडा नाही.

रशियातील कातिनचे उदाहरण पाहा. 1940 च्या वसंतात सोव्हिएत गुप्त पोलिसांनी सुमारे 22,000 पोलिश अधिकारी आणि कैद्यांना मारले. एप्रिल 1943 मध्ये जर्मनांनी कातिनच्या जंगलातील कबरी जाहीर केल्या. सोव्हिएत संघाने 1944 मध्ये स्वतःचा आयोग नेमून, हे जर्मनांनीच 1941 मध्ये केले, असा निष्कर्ष काढून दिला. मृतांच्या खिशांतील पत्रे आणि रोजनिश्या 1940 च्या वसंतातच थांबत होत्या; तरीही दोस्त राष्ट्रांना हिटलरविरुद्ध सोव्हिएत संघाची गरज होती आणि त्यांनी या विषयात खोलवर जाणे टाळले. युद्धानंतर न्यूरेंबर्ग येथे नाझी नेत्यांवर चाललेल्या खटल्याच्या आरोपपत्रात कातिन होते, निकालात मात्र त्याचा उल्लेखही नाही. कबुली मिळाली ती एप्रिल 1990 मध्ये, आणि मूळ आदेशाची कागदपत्रे 1992 मध्ये खुली झाली. त्या कागदांत गुप्त पोलीस प्रमुख शेलेपिन यांचे 1959 चे एक टिपण होते. त्यात मारलेल्यांचा नेमका आकडा, 21,857, देऊन त्यांच्या वैयक्तिक फायली नष्ट कराव्यात असे सुचवले होते. नष्ट करण्याची शिफारसच आकड्याचा सर्वांत बळकट पुरावा बनून उरली. मराठी वाचकांना येथे एक जवळचा धागा आहे. त्या अधिकाऱ्यांच्या अनेक कुटुंबांना एप्रिल 1940 मध्ये सोव्हिएत संघाच्या अंतर्भागात हद्दपार केले गेले. अशा पोलिश निर्वासितांपैकी सुमारे पाच हजार जण, बहुतेक स्त्रिया आणि मुले, 1943 नंतर कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील छावणीत राहत होते. कातिनबद्दलची अधिकृत कबुली त्या छावणीच्या बंद होण्यानंतर चाळीसहून अधिक वर्षांनी आली.

एका मुद्द्यावर मी आपल्याला सावध करू इच्छिते: गुन्हेगाराची कबुली मिळाली की काम झाले असे समजू नये. स्रेब्रेनित्सा प्रकरणात ब्रातुनात्स ब्रिगेडचा गुप्तवार्ता अधिकारी मोमिर निकोलिच याने 2003 मध्ये गुन्हा कबूल केला आणि प्रेते हलवण्याच्या मोहिमेची मोठी माहिती दिली. पण कबुलीच्या बदल्यात सवलत मिळवण्यासाठी चाललेल्या वाटाघाटींत त्याने जे केले नव्हते तेही स्वतःच्या माथी घेतले होते; क्राव्हित्सा येथे गोळीबाराचा आदेश आपण दिला असे तो सांगत होता आणि नंतर ते खोटे असल्याचे त्याला मान्य करावे लागले. सवलत मिळवण्यासाठी माणूस जास्तही सांगतो. म्हणून साक्ष, कागद, माती आणि छायाचित्र हे चार स्वतंत्र वाटांनी एकाच ठिकाणी येऊन मिळतात की नाही, हे पाहावे लागते. त्यांपैकी एकच वाट असेल तर मी स्वतः अहवालात ‘शक्य आहे’ एवढेच लिहिते.

शेवटचा प्रश्न नातेवाइकांचा, आणि त्याला मी सर्वांत जास्त विचार करून उत्तर देते. तुकड्या-तुकड्यांत सापडलेली हाडे कोणाची, हे ठरवणे एके काळी अशक्यच होते. आंतरराष्ट्रीय बेपत्ता व्यक्ती आयोग 1996 मध्ये स्थापन झाला; त्याने नातेवाइकांचे रक्ताचे नमुने गोळा केले आणि हाडांतल्या डीएनएशी जुळवणे सुरू केले. नोव्हेंबर 2001 मध्ये स्रेब्रेनित्साच्या बळीची पहिली अशी जुळणी झाली. तो पंधरा वर्षांचा मुलगा होता. आतापर्यंत सुमारे सात हजार जणांची ओळख पटली आहे. दरवर्षी 11 जुलैला स्रेब्रेनित्साजवळच्या पोतोचारी येथे नव्याने ओळख पटलेल्यांचे दफन होते. काही आया, सापडले तेवढ्या हाडांवरच दफन करतात. काही थांबतात, आणखी काही सापडेल म्हणून. दफनानंतर त्याच माणसाचे आणखी हाड मिळाले तर कबर उघडून ते आत ठेवले जाते. त्या आयांनीच वर्षानुवर्षे तुझलाच्या रस्त्यांवर दर महिन्याच्या 11 तारखेला मुलांची नावे लिहिलेले कापड घेऊन मूक मोर्चे काढले, म्हणूनच तपास बंद पडला नाही, असे माझे मत आहे. न्यायालयाला आठ हजारांपैकी पुरेशा प्रकरणांचा पुरावा मिळाला की निकाल देता येतो. आईला मात्र एकच प्रकरण असते.

ज्या ओढ्याकाठच्या प्रकरणाने मी सुरुवात केली, त्यात निकाल लागल्यावर त्या माणसाचे वडील अवशेष ताब्यात घ्यायला आमच्या विभागात आले होते. त्यांनी दोषीला किती शिक्षा झाली हे विचारले नाही. पहिल्या खड्ड्यात सापडलेली बोटांची हाडे यात आहेत का, एवढेच त्यांनी विचारले. ती वेगळ्या मुद्देमालाच्या पाकिटात सीलबंद होती. न्यायालयाची परवानगी मागवून, ती आणायला तीन दिवस लागले. ते तीन दिवस ते गावी गेले नाहीत, आमच्या आवारातल्या लिंबाखाली बसून राहिले. चौथ्या दिवशी ती अकरा हाडे आणि तो दात बाकीच्या अवशेषांबरोबर एकाच पांढऱ्या कापडात बांधून आम्ही त्यांच्या हाती दिला.